चोथा

रोज रात्री कॅफे बंद करताना
कॉफीचा चोथा मी वेगळा ठेवते
आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात, लुड्विकसाठी.
सकाळी तो येतो, टोपी काढतो,
झाकण उघडून हुंगतो, बोटांत चोळून बघतो.
"कालचा जरा जाड दळलास, मिलोय्का.
चिखल एवढा भरड नव्हता."

एकोणीसशे सोळाच्या चिखलाबद्दल
इतक्या खात्रीने बोलणारा हा माणूस
जन्मला सत्तेचाळीस साली.

चाळीस वर्षं त्याने तोलमिनमध्ये कवळ्या केल्या,
अर्ध्या खोऱ्याचं हसू त्याच्या हातचं.
आता त्याच हत्यारांनी तो नखं कोरतो,
कानाच्या पाळ्या, चार दिवसांची दाढी.
शिपाई वीत नि चार बोटं उंच.
आत तारेचा सांगाडा, वर पुट्टीचं मांस,
बुटांच्या तळव्यांना टाचणीच्या डोक्यांचे खिळे
(तळवे कुणाला दिसणार नसतात, तरी).
गॅरेजमध्ये गाडीला जागा नाही,
तिथे डोंगर आहे,
आमच्या खिडकीतून दिसतो तोच, कर्न,
त्याची एक कड, एक खंदक, अकरा माणसं, एक खेचर.

"सगळं लहान करता येतं," तो म्हणतो, "पाणी नाही.
थेंब थेंबाएवढाच राहतो.
आणि कापड. कापडाला कळतच नाही
आपण आता कुणाच्या अंगावर आहोत ते."
म्हणून ओव्हरकोटाच्या काठात तो शिशाचे मणी शिवतो,
गळाला लावतात ते,
मग कोट भिजल्यासारखा लोंबतो.
बर्फ म्हणून आधी खायचा सोडा पसरला होता.
दोन हिवाळ्यांत पिवळा पडला.
सिल्वा, त्याची बायको, म्हणाली,
खऱ्या बर्फाचंही तेच होतं
शेजारी माणसं राहायला आली की.

फेब्रुवारीत एकदा
डबा घेऊनही तो दारातच घुटमळला.
"तासभर बसशील? कप धरून?"
गिऱ्हाईक नव्हतं. बसले.
"कान सोड. दोन्ही हातांनी. असा, जवळ."
त्याचे आजोबा त्या डोंगरावरून परत आले होते,
आणि मरेपर्यंत त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.
फक्त सूपचा वाडगा दोन्ही तळव्यांत कवटाळून बसायचे,
भर जुलैतसुद्धा,
पाहुण्यांसमोर आजी ओशाळी व्हायची.
एवढं सांगून तो गप्प झाला,
गुलाबी मेणात माझी बोटं उतरवत राहिला.
कॉफी गार झाली, साय धरली.
मी कप खाली ठेवला नाही.

मे महिन्यात शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरलं.
उदिनेहून माणसं आली, ग्राझहून आली,
गळ्यात भिंगं अडकवलेली,
गुडघ्यांवर बसून काचेपाशी.
एकाने गुंड्या मोजल्या.
दुसरा म्हणाला, पट्ट्याचं हे बक्कल सतराचं,
सोळात कुठलं आलं?
इटालियन आणि ऑस्ट्रियन, दोघांच्या आजोबांनी
बहुधा एकमेकांवर नेम धरला असेल,
पण बक्कलाबाबत त्यांचं ताबडतोब एकमत झालं.
लुड्विकने वही काढून चूक लिहून घेतली.

गर्दी खेचराकडे सरकली तेव्हा मी वाकले.
डावीकडून चौथा, घोंगडीत.
टिनचा मग दोन्ही हातांनी धरून बसलेला.
माझ्या उजव्या अंगठ्यावर
मशीनच्या वाफेने भाजल्याचा डाग आहे, तांदळाएवढा.
त्याच्या अंगठ्यावर तोच,
खसखशीएवढा.

मग रिकामा होता.

मी काही विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.
सकाळी दळण दोन खुणा बारीक केलं.
दिवसभर गिऱ्हाइकं कुरकुरत होती,
आज कॉफी फार कडू लागतेय म्हणून.